झुरळांना गाजर

आमच्या घरात सकाळचं पहिलं ताट झुरळांचं असतं. गाजराचे काप, लाल भोपळ्याची एखादी फोड, चमचाभर ओट्सचा भरडा. हे खाऊन एक दिवस उलटला की ती झुरळं सरड्यांना घालायच्या लायकीची होतात. बिअर्डेड ड्रॅगनची, म्हणजे दाढीवाल्या सरड्याची, पिल्लं कशी वाढवायची, असं आता ओळखीतलं कुणी विचारलं की मी पिल्लांबद्दल सगळ्यात शेवटी बोलते. आधी दिवे, मग किडे, आणि हे दोन्ही जमत असेल तरच पिल्लं.

आम्ही मेलबर्नला क्लेटनमध्ये राहतो. मुलांना घरात प्राणी हवा होता, नवऱ्याला कुत्र्यामांजरांच्या केसांनी शिंका सुटतात, आणि मला पिंजऱ्यातला पक्षी बघवत नाही. या सगळ्यातून उरला तो सरडा. इथे त्याला लाडानं 'बिअर्डी' म्हणतात. हा प्राणी मूळचा इथलाच. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या आणि पूर्वेकडच्या कोरड्या मुलखातला. आमच्या व्हिक्टोरिया राज्याच्या वायव्य टोकाला, मॅलीच्या झुडपी रानातही तो आहे. शास्त्रीय नाव पोगोना व्हिटिसेप्स. तिकडून गाडीनं जाताना कुंपणाच्या खांबावर ऊन खात बसलेला दिसतो, म्हणजे सरड्याची धाव कुंपणापर्यंत हे इथं अगदी शब्दशः खरं. चिडला किंवा घाबरला की गळ्याखालची काटेरी कातडी फुगवून काळीकुट्ट करतो, तीच त्याची दाढी.

इथलाच वन्यप्राणी असल्यामुळे तो पाळायला राज्य सरकारचा परवाना लागतो. अर्ज ऑनलाइन होतो, त्रास काही नाही. पण रानातून उचलून आणलेला प्राणी परवाना असला तरी चालत नाही. परवानाधारकाकडूनच घ्यायचा आणि कधी, कुणाकडून घेतला याची नोंद ठेवायची. देशाबाहेर न्यायचा तर प्रश्नच नाही, हौसेसाठी इथले सरपटणारे प्राणी परदेशी पाठवणं कित्येक दशकांपासून बंद आहे.

ज्या बाईंकडून आम्ही पिल्लं घेतली त्या घरच्या घरीच अंडी उबवतात. पिल्लं आठ आठवड्यांची होईपर्यंत त्या कुणाला देत नाहीत, आणि तोपर्यंत आमच्याकडून त्यांनी जो गृहपाठ करून घेतला तो शाळेतसुद्धा कुणी घेतला नसेल. काचेची टाकी मांडा, दिवे लावा, दिवसाचं आणि रात्रीचं तापमान मोजून मला पाठवा, मग बघू. दोन मुलं म्हणून दोन पिल्लं हवी होती. त्यावर त्यांनी एकच सांगितलं, 'दोन पिल्लं तर दोन टाक्या.' त्यांच्याकडच्या एका पिल्लाचं पुढच्या पायाचं बोट गायब होतं, दुसऱ्याच्या शेपटीचं टोक. भावंडांनीच खाल्लेलं. भुकेल्या पिल्लाला हलणारं बोट म्हणजे अळीच. पालीसारखी यांची शेपटी परत फुटत नाही, गेली ती गेली. इंटरनेटवर एकावर एक चढून बसलेल्या पिल्लांचे फोटो असतात आणि खाली लोक 'किती प्रेम!' वगैरे लिहितात. वरचा खालच्याच्या वाट्याचं ऊन खात असतो, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या मोठ्या मुलानं आपल्या पिल्लाचं नाव बुवा ठेवलं (दाढीमुळे), आणि धाकटीनं तिच्याचं टिकली. आणली तेव्हा दोघांचं वजन प्रत्येकी वीस ग्रॅमच्या आसपास होतं, लांबी शेपटीसकट वीतभर. पूर्ण वाढ झाली की हेच प्राणी दीड ते दोन फूट होतात आणि त्यातली जवळजवळ सगळी वाढ पहिल्या वर्षातच होते. त्यामुळे या वर्षात पोटात काय जातं, आणि पोटात गेलेल्याचं पुढे काय होतं, यावर सगळं ठरतं.

आता दिवे. हे कंटाळवाणं वाटेल, पण इथंच बहुतेक पिल्लं हातची जातात. सरड्याचं रक्त बाहेरून तापवावं लागतं. त्याला खाल्लेलं पचवायलाही ऊब लागते. थंड पिल्लाच्या पोटात किडे तसेच पडून राहतात आणि सडतात. म्हणून टाकीच्या एका टोकाला, दिव्याखाली, ऊन खायची जागा. तिथल्या दगडाचा पृष्ठभाग पिल्लांसाठी ४० ते ४२ अंश सेल्सिअस. दुसरं टोक थंड, २५च्या आसपास. मधे कुठे बसायचं ते त्याचं त्यानं ठरवायचं. पुरेसा तापला की दगडावरच तोंड उघडं टाकून बसतो. पाहुणे घाबरतात, पण तो फक्त जादाची उष्णता बाहेर टाकत असतो. तापमान मोजायला काचेला चिकटवायची गोल घड्याळं मिळतात, ती हवेचं काहीतरी सांगतात. दगड किती तापलाय ते इन्फ्रारेड गननंच कळतं.

दुसरा दिवा अतिनील किरणांचा, यूव्हीबीचा. या किरणांशिवाय कातडीत ड३ जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ड३ नसलं तर तुम्ही कितीही कॅल्शियम घाला, ते आतड्यातून रक्तात जात नाही. मग शरीर कॅल्शियम हाडांतून काढायला लागतं. जबडा रबरासारखा लवलवतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. मेटाबोलिक बोन डिसीज म्हणतात त्याला, आणि वाकलेलं हाड नंतर सरळ होत नाही. हे किरण खिडकीच्या काचेतून येत नाहीत, त्यामुळे 'आमच्या हॉलमध्ये भरपूर ऊन येतं' याला इथं काही किंमत नाही. टाकीवरच्या बारीक जाळीतूनही बरेच अडतात, म्हणून आमची लांब टी५ ट्यूब जाळीच्या आतून, दगडापासून साधारण फूटभर उंचीवर लावली आहे. आणि ट्यूब डोळ्यांना लखलखीत दिसत असली तरी तिच्यातलं यूव्हीबी हळूहळू मरतं. आम्ही तिच्यावर मार्करनं तारीख लिहितो आणि वर्षभरात बदलतो. दोन्ही पिल्लांपेक्षा या दिव्यांना जास्त पैसे पडले.

पाळीव प्राण्यांच्या एका दुकानात आम्हाला 'सुरुवातीचा संच' म्हणून जे दाखवलं त्यात रात्रीसाठी लाल दिवा, तापणारा कृत्रिम दगड, छोटासा वेटोळ्याचा यूव्ही बल्ब आणि पिशवीभर वाळू होती. बाईंची यादी खिशात होती म्हणून ते सगळं तिथंच राहिलं. लाल उजेड सरड्याला दिसतो, त्याची झोप मोडते. तापता दगड पोटाखाली चटका देतो आणि पोटाची कातडी वेळेवर कळवत नाही. वाळू किड्याबरोबर पोटात जाते, आणि एवढ्याशा पिल्लाच्या आतड्यात ती अडकून बसायला फार लागत नाही. आमच्या टाक्यांच्या तळाला किचन रोल अंथरलेला असतो. दिसायला इस्पितळ, पण शी कशी झाली ते लगेच दिसतं, आणि पिल्लाची तब्येत कळायचा तो सगळ्यात भरवशाचा मार्ग आहे.

रात्री दिवे बंद. मेलबर्नची घरं हिवाळ्यात किती गार पडतात ते इथं राहिल्याशिवाय कळत नाही, म्हणून उजेड न देणारा सिरॅमिक हीटर थर्मोस्टॅटवर लावलाय, अठरा-वीसच्या खाली जाऊ न देणारा. विजेच्या बिलाबद्दल नवरा बोलतो, मी ऐकते.

आता किडे.

पिल्लांच्या आहारात पहिले काही महिने तीन-चतुर्थांश किडे आणि उरलेला पाला असतो. मोठेपणी हे प्रमाण बरोबर उलटं होतं. रानात यांच्या पोटात वाळवी भरपूर सापडते. घरात वाळवी कोण पाळणार, म्हणून इथे दोन मुख्य पर्याय, रातकिडे आणि 'वुडीज' नावाची ठिपकेदार झुरळं. अमेरिकेतल्या व्हिडिओंमध्ये सगळे ज्या दुबिया झुरळांचं कौतुक करतात ती ऑस्ट्रेलियात बेकायदा आहेत, त्यामुळे त्यांच्या पाककृती बघण्यात अर्थ नाही. रातकिडे मिळतात भरपूर, पण वास मारतात, रात्रभर किरकिरतात आणि डब्यात पटापट मरतात. वुडीज शांत, चिवट, घरच्या घरी वाढणारी. एकच दोष, ती गुळगुळीत प्लॅस्टिकवरसुद्धा सरसर चढतात. त्यावर उपाय म्हणजे डब्याच्या आतल्या बाजूनं, झाकणाखाली चार बोटं रुंद व्हॅसलीनचा पट्टा. तिथं आली की पाय सटकतात आणि परत खाली. दर आठवड्याला तो पट्टा पुसून नव्यानं लावायचा, ही आमच्या घरातली शनिवारची पूजा.

याच सुमारास कऱ्हाडहून माझी आई आली होती. कुरियरवाल्यानं डबा आणून दिला, मी सही केली, आणि आत काय आहे ते तिनं पाहिलं.

'अगं, आम्ही घरातली झुरळं मारायला पैसे घालतो आणि तू आणायला?'

'खायला आहेत ती, आई. म्हणजे त्यांना.'

'मला आधी सांगितलं असतंस तर लक्ष्मणरेषा आणली असती.'

लक्ष्मणरेषा आमच्या घरात येऊच शकत नाही. फवारा नाही, खडू नाही, मुंग्यांची पावडरही नाही. विष खाल्लेला एखादा किडा पिल्लाच्या पोटात गेला तर संपलं. बागेतून पकडलेले किडेही घालत नाही, शेजारच्यांनी काय मारलंय कुणास ठाऊक.

किड्याची मापं डोळ्यांवरून घ्यायची. पिल्लाच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा किडा मोठा नको. मोठा किडा गिळला तरी पचत नाही, ओकून टाकतात. मीलवर्म म्हणजे पिवळ्या अळ्या दुकानात सगळ्यात पुढे मांडलेल्या असतात, पण त्यांचं कवच कडक, पोषण बेताचं, पिल्लांसाठी नकोच. रेशीमकिडे उत्तम, मऊ आणि ओलावा असलेले, पण महाग. ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या मला फार आवडतात, कारण त्यांच्यात कॅल्शियम जात्याच भरपूर असतं. बाकी किड्यांचं तसं नाही. रातकिड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट असतो, आणि पिल्लाला हवं बरोबर उलटं, कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड-दोन पट. म्हणून दोन गोष्टी करायच्या. एक, किड्याला आदल्या दिवशी चांगलं खाऊ घालायचं, कारण त्याच्या पोटात जे आहे तेही पिल्लाच्या पोटात जाणार. गाजर, भोपळा, पाला. बटाट्यावर जगवलेला किडा म्हणजे रिकामी पिशवी. दोन, घालायच्या आधी किड्यांना कॅल्शियमची भुकटी फासायची.

हे करायची आमची पद्धत अशी. जेवढे किडे हवेत तेवढे झिपच्या पिशवीत, त्यात चिमूटभर फॉस्फरस नसलेलं कॅल्शियम, पिशवी फुगवून बंद करायची आणि हळू हलवायची. किडे पांढरेफटक होऊन बाहेर येतात. आईनं हे पहिल्यांदा बघितलं आणि म्हणाली, 'रवा लावून बोंबील तळायला घेतल्यासारखं दिसतंय.' कॅल्शियम जवळजवळ रोज, एका जेवणाला. ड३ आणि इतर जीवनसत्त्वांची भुकटी मात्र आठवड्यातून दोनदाच. हेही आमच्या पशुवैद्यांनी ठासून सांगितलं. अ आणि ड३ शरीरात साठतात, जास्त झाली तर तीही बाधतात. जास्त काळजी म्हणून रोज सगळं घालायचं, असं इथं चालत नाही.

वेळाही ठरलेल्या. सकाळी दिवे लागल्यावर लगेच खायला द्यायचं नाही, तास-दीड तास तापू द्यायचं. मग पहिलं जेवण, दुपारी दुसरं, आणि दिवे जायच्या दोन तास आधी तिसरं. त्यानंतर काही नाही, कारण रात्री पोट गार पडणार. प्रत्येक वेळी दहा-पंधरा मिनिटांत जेवढे खाईल तेवढे. भरात असलेलं पिल्लू दिवसाला वीस-तीस छोटे किडे सहज संपवतं. उरलेला प्रत्येक किडा वेचून काढायचा. झोपलेल्या पिल्लाची बोटं आणि पापण्या रातकिडे कुरतडतात. कोण कुणाला खातंय हे रात्री बदलतं.

बुवाला खाताना बघणं हा आमचा दूरदर्शन झाला होता. किडा टाकला की तो आधी एक डोळा तिकडे वळवतो, बाकी अंग दगड. मग शेपटीचं टोक हळूच वर वळतं. मान वाकडी करून अंतर जोखतो, चार पावलं पळतो आणि जीभ बाहेर. ती लांबलचक नसते सरड्यांच्या चित्रातल्यासारखी, जाड, गुलाबी, चिकट गोळा असतो, किड्याला जेमतेम टेकतो आणि किडा आत. मग कुरूम कुरूम असा आवाज, तो पलीकडच्या खोलीतही येतो. ओठावर कॅल्शियमची पांढरी रेघ तशीच, पुढच्या किड्यासाठी मान पुन्हा वाकडी.

टिकलीचं तसं नव्हतं. ती किडा बघायची, मान वळवायची, आणि परत दगडावर डोळे मिटून बसायची. सुरुवातीला वाटलं नवी जागा आहे, बुजली असेल. नव्या घरात पहिला आठवडा पिल्लं कमी खातात, पुढचा पाय गोल फिरवून 'मी छोटा आहे, मला मारू नका' असं सांगत बसतात. टिकली बुवाच्या टाकीकडे बघून सारखा हात हलवायची, म्हणून मधे पुठ्ठा लावला. हात हलवणं थांबलं, खाणं काही वाढलं नाही. आम्ही दर रविवारी दोघांना दागिने तोलायच्या छोट्या काट्यावर ठेवायचो. बुवा साठ ग्रॅमच्या पुढे गेला तेव्हा टिकली पस्तिशीत घुटमळत होती. दिवे तेच, किडे तेच, भुकटी तीच. किचन रोलवरची शी मात्र वेगळी, पातळ आणि खोलीभर वास मारणारी.

सरपटणारे प्राणी बघणारे पशुवैद्य शहरात मोजके, पण आहेत. ताजी शी डबीत घालून घेऊन या म्हणाले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना कॉक्सिडिया दिसले, आतड्यातले एकपेशी परजीवी. पाळलेल्या बिअर्डींमध्ये ते फार आढळतात. मोठं जनावर थोडेफार बाळगूनही ठणठणीत राहतं, पिल्लाची मात्र वाढ खुंटते. औषध सुई काढलेल्या सिरिंजनं तोंडात थेंब थेंब सोडायचं. ते सोपं. अवघड होतं ते टाकी स्वच्छ ठेवणं, कारण शीतून पडलेल्या परजीवींच्या सूक्ष्म गाठी पुन्हा तोंडात गेल्या की चक्र सुरूच. नेहमीच्या जंतुनाशकांना त्या जुमानत नाहीत, उकळतं पाणी आणि वाफ लागते. टिकलीच्या टाकीतलं लाकूड बाहेर गेलं, दगड रोज उकळले, शी झाली की लगेच कागद बदलला. दोन्ही टाक्यांचे चिमटे, भांडी, फडकी वेगळी. काम आधी बुवाचं करायचं आणि मग टिकलीचं, उलटं कधी नाही.

त्या काळात तिला चिमट्यानं एकेक रेशीमकिडा तोंडासमोर धरावा लागला. जबरदस्तीनं तोंड उघडायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पिल्लाचा जबडा नाजूक असतो. किडा नाकापुढे हळू हलवायचा आणि वाट बघायची. हे काम धाकटीनं केलं, माझ्यात तेवढा धीर नाही. पुन्हा तपासणीत शी साफ आली तोपर्यंत टिकलीनं एका सकाळी दगडावरून उडी मारून आपणहून झुरळ पकडलं होतं. पुढे वजन वाढलं, पण बुवाला तिनं आजवर गाठलेलं नाही.

हात धुण्याबद्दल. सरड्यांच्या आतड्यात साल्मोनेला हा माणसाला आजारी पाडणारा जिवाणू असतो, प्राणी ठणठणीत असला तरी. प्राण्याला, टाकीला, भांड्याला हात लावला की साबणानं हात धुवायचे. त्यांची भांडी स्वयंपाकघरातल्या सिंकमध्ये धुवायची नाहीत, आणि पाच वर्षांखालचं मूल घरी आलं तर पिल्लं टाकीतच. आईला हा नियम सगळ्यात पटला. सोवळ्याची सवय होतीच.

पाल्याचं प्रकरण निराळं. पिल्लांना पाला नको असतो, आणि तरी रोज ठेवायचा असतो, कारण लहानपणी ओळख झाली नाही तर मोठेपणी तोंड लावत नाहीत. किडे घालायच्या आधी, सकाळी भूक असताना ठेवायचा. आईनं आल्या आल्या पालक सुचवला, मग अळू. दोन्ही बाद. त्यांतलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं, म्हणजे एका हातानं भुकटी फासायची आणि दुसऱ्या हातानं काढून घ्यायची. अळू कच्चं राहिलं की घशाला खाज सुटते ती याच ऑक्झलेटच्या काट्यांनी. अव्होकॅडो तर विषच, आणि इथं ते ब्रेडवर थापून सगळे खातात, त्यामुळे मुलांना आधीच ताकीद. रुबार्ब नावाची भाजीही विष. आइसबर्ग लेट्यूस म्हणजे चावायचं पाणी. स्प्रिंगव्हेलच्या व्हिएतनामी दुकानांत बॉक चॉय आणि तत्सम पाला ताजा मिळतो, अंगणात डँडेलियन आपोआप उगवतो, त्यांच्या जोडीला थोडी कोथिंबीर आणि किसलेला भोपळा. एकच पाला रोज नाही, आलटून पालटून. आई नखाएवढं बारीक चिरून द्यायची, विळी नाही म्हणून कुरकुरत. टिकलीनं पहिल्यांदा काही हिरवं-लाल खाल्लं असेल तर ते शेजाऱ्यांच्या जास्वंदीचं फूल. बुवानं भोपळ्याचा किस खाल्ला, बहुधा हलला म्हणून किडा समजून. आम्ही तेच धोरण ठेवलं. जिवंत अळ्या पाल्यावर सोडायच्या, अळी खाताना पानही जातं.

पाण्याच्या वाटीकडे पिल्लं ढुंकून बघत नाहीत. साचलेलं पाणी त्यांना दिसतच नसावं, असं वागतात. नाकाच्या शेंड्यावर ड्रॉपरनं थेंब सोडला की चाटतात. कधीमधी कोमट पाण्यात, जेमतेम कोपरापर्यंत बुडतील एवढ्यात, दहा मिनिटं. त्यात ती पितात आणि बहुतेक वेळा शी करतात, म्हणून तो टब फक्त त्यांचाच. कात टाकताना मी काहीही करत नाही, ओढत तर मुळीच नाही. फक्त बोटांभोवती आणि शेपटीच्या टोकाला जुनं कातडं आवळून राहिलंय का ते बघते.

उन्हाळा आला तशी पिल्लं जाळीच्या पिंजऱ्यातून अंगणात जायला लागली. मेलबर्नचं डिसेंबर-जानेवारीचं ऊन आम्हाला भाजून काढतं, यूव्ही निर्देशांक दहाच्या पुढे जातो. सरड्यांना मात्र कुठल्याही ट्यूबपेक्षा तेच उत्तम. काचेची टाकी उन्हात ठेवायची नाही, आतलं जनावर काही मिनिटांत शिजतं. जाळी हवी, अर्ध्या भागावर सावली हवी, आणि कुणीतरी शेजारी बसलेलं हवं, कारण कुकाबुरा पक्षी वरच्या तारेवर येऊन बसतो आणि त्याचा विचार स्पष्ट असतो. उन्हात दोघांचा रंग उजळतो, पाठ शेंदरी होते. त्या दिवशी खाणंही दीडपट.

पिल्लू नर की मादी हे लहानपणी कळत नाही. शिवाय या जातीत अंडी साधारण ३२ अंशांच्या वर उबवली तर जनुकांनी नर असलेलं पिल्लू मादी होऊन बाहेर येतं. रानातही असं घडतं, हे ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१५ साली 'नेचर'मध्ये दाखवलं. आमच्याकडे एवढं नाट्य नव्हतं. शेपटीच्या मुळाशी दोन उंचवटे दिसायला लागल्यावर डॉक्टरांनी सांगितलं, दोघंही नर. टिकलीचं नाव बदलायला धाकटीनं साफ नकार दिला. दोन नर म्हणजे टाक्या आता आयुष्यभर वेगळ्याच. चांगल्या सांभाळात हे दहा वर्षं सहज जगतात.

पुण्यातल्या आतेभावानं फोटो पाहून विचारलं, आमच्याकडे मिळेल का? भारतात विदेशी प्राणी विकले जातात खरे, पण २०२० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयानं असे प्राणी बाळगणाऱ्यांनी स्वतःहून नोंद करावी अशी सूचना काढली आणि २०२२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदाही बदलला. कागद नसलेलं जनावर घेऊ नकोस, एवढं त्याला सांगितलं. आणि आपल्याकडची घोरपड वगैरे पकडून पाळणं तर सरळ गुन्हाच. तो म्हणाला, पुण्यात ऊन फुकट आहे. आहे, पण आधी सरडा तपासणारा डॉक्टर शोध, मग सरडा.

सध्या दोघं वर्षाच्या पुढे गेलेत आणि ताट उलटं झालंय. पाला रोज, किडे आठवड्यातून तीनदा. किडे मागतात अजून, काचेवर पुढचे पाय घासत उभे राहतात, पण या वयात किड्यांवर ठेवलं तर यकृतात चरबी साठते. टाक्या आता चार फूट लांब, दोन फूट रुंद, जेवणाच्या टेबलाची जागा गेली. झुरळांना मात्र कुणी हे कळवलेलं नाही, ती पूर्वीच्याच जोमानं वाढतायत. जास्तीची आम्ही त्याच बाईंना नेऊन देतो, त्यांच्याकडे नवी अंडी फुटली आहेत.